परमिट रूम आणि आडवी बाटली

मोठी पोस्ट आहे. जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

फेब्रुवारीत मित्राचा फोन आला. "चार दिवस काढ. गाडी माझी, डिझेल माझं. रस्त्यातले बार बघत जायचं."

ऐकणाऱ्याला वाटेल, दोन मित्र प्यायला निघाले. पण हा गडी थेंबाला शिवत नाही. आमच्या तालुक्यात राज्य मार्गाला त्याचं परमिट रूम आहे, वडिलांच्या वेळचं. वडील गेले. लायसन्सचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पुढच्या वर्षाची फी भरायची की नाही यावरून घरात धुसफूस चालू होती. काकू म्हणतात बंद कर. हा म्हणतो, आठ पोरं कामाला आहेत, त्यांचं काय करू? त्यात गेल्या जूनमध्ये, म्हणजे २०२५ ला, सरकारने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. धंदा बसला. दुसऱ्यांचं कसं चाललंय ते डोळ्यांनी बघावं, एवढाच त्याचा हेतू.

मी हो म्हणालो ते वेगळ्या कारणाने. ते शेवटी सांगतो. सांगायला थोडी लाज वाटते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कोपरगावच्या अलीकडे थांबलो. नेहमीचंच दृश्य. बाहेर लाल-निळे दिवे, काळ्या काचा, आत शिरल्यावर दोन मिनिटं काही दिसत नाही. टेबलावर फुटाणे, काकडी, टीव्हीवर जुनी क्रिकेट मॅच. बाहेर बोर्ड: "परमिट रूम व बिअर बार".

हा शब्द आपण लहानपणापासून वाचतो. कसलं परमिट, ते कुणी विचारत नाही.

तर मंडळी, गंमत अशी आहे की महाराष्ट्रात आजही दारूबंदी आहे. ज्या कायद्याखाली हे सगळे बार चालतात, तो १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. पुढे नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं, पण "दारूबंदी" हा शब्द हलला नाही. या कायद्याने दारू विकणं, बाळगणं, पिणं हे मुळात बंद आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याला फक्त सूट आहे. विकणाऱ्याला लायसन्स लागतं, तसं पिणाऱ्यालाही परमिट लागतं. एका दिवसाचं विदेशी मद्याचं परमिट पाच रुपये, देशीचं दोन रुपये, आयुष्यभराचं हजार रुपये. आणि ते मिळतं ते मौजेसाठी नाही. कागदावरचं कारण आहे प्रकृती. म्हणजे सरकारदरबारी आपल्या राज्यात जो जो क्वार्टर मारतो, तो तब्येत सांभाळतो.

मित्र हसून म्हणाला, "आमच्या काउंटरखाली परमिटची पुस्तकं असतात. रोज किती फाडायची ते ठरलेलं. नावं पोरं भरतात." चार दिवसांत एकाही ठिकाणी मला कुणी परमिट विचारलं नाही.

हे असं झालं कसं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

इंग्रजांच्या आधी आपल्याकडे दारू गावातच व्हायची. डोंगरपट्ट्यात मोहाची, किनाऱ्याला ताडी-माडीची. झाड दारात, भट्टी परसात. कर होता, पण हिशोब सैल होता. १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा आला आणि गावोगावच्या भट्ट्या मोडून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत दारू गाळायची पद्धत पक्की झाली. का? गावातल्या हजार भट्ट्यांवर पहारा ठेवता येत नाही, एका मोठ्या भट्टीच्या दारात शिपाई बसवला की प्रत्येक गॅलनचा पैसा मिळतो. १८९२ साली तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावरच कायदा केला. ज्या आदिवासीसाठी मोह हे अन्न होतं, औषध होतं, देवाचा नैवेद्य होता, त्याच्या घरात फुलांची टोपली सापडली तर तो गुन्हेगार. तीच दारू सरकारी भट्टीतली, ठेकेदाराकडून विकत घेतली तर तो इमानदार नागरिक.

त्याच काळात, १८८० साली, जोतिराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकानं वाढत होती. त्यांनी पालिकेला लेखी कळवलं की यात लोकांचा संसार बुडतोय. सरकारला दारूचा पैसा हवा आहे आणि त्याची किंमत गरिबाचं घर मोजतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवत होते. म्हणजे दारूबंदी हा गांधींच्याही आधी इथल्या राजकारणात आलेला विषय आहे.

पुढे काँग्रेसचं सरकार आलं, खेर मुख्यमंत्री झाले आणि १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. युद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी विषय पुन्हा हातात घेतला. १९४९ चा कायदा आला, १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात पूर्ण बंदी.

बंदी इतकी कडक की एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, मला व्हिस्की-ब्रँडी तर बाळगू द्याच, पण घरात औषधी वाईन आणि यू-द-कोलोन ठेवलं तरी मी गुन्हेगार कसा? १९५१ साली सुप्रीम कोर्टाने कायदा बहुतांशी कायम ठेवला, औषधी आणि सुगंधी वस्तूंवरची बंदी मात्र काढली. कायदा शिकणारी पोरं आजही ही केस पाठ करतात.

बंदीने दारू थांबली का? नाही. हातभट्टी सुरू झाली. काळा गूळ, नवसागर, सायकलच्या ट्यूबमधून वाहतूक. "पहिल्या धारेची" हा शब्द मराठीत म्हणीसारखा मुरला तो या धंद्यातून. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा हप्त्यात गेला. मग साठच्या दशकात परमिटं सैल झाली आणि १९७३ साली देशी दारूचे नियम आले. आता दारू सरकारमान्य, बाटलीबंद, लेबल लावून.

हे नेमकं तेव्हाच का झालं, त्याचं उत्तर आमच्या पट्ट्यात उभं आहे. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि त्यामागे कारखान्यांची रांग लागली. उसाचं गाळप झालं की साखरेबरोबर मळी निघते. मळी टाकून देता येत नाही, ओढ्यात सोडली तर मासे मरतात. तिचा स्पिरिट करता येतो. शेतकऱ्याला उसाचा भाव, कारखान्याला मळीचा पैसा, सरकारला शुल्क. मोहाची फुलं वेचणाऱ्याची भट्टी अवैध राहिली आणि मळीची वैध झाली. मी ऊसवाल्याचाच पोरगा आहे. माझी पत्रकारितेच्या डिप्लोमाची फी उसाच्या बिलातून भरली गेली. त्यामुळे नाक वर करून बोलायचा मला अधिकार नाही.

दुसऱ्या दिवशी वैजापूर. नगर जिल्हा सोडून वैजापूरची हद्द लागली की तुम्ही इंग्रजांच्या मुलखातून निजामाच्या मुलखात आलेले असता. रस्ता तोच, पण इतिहास वेगळा. निजामाच्या राज्यात दारूचं मोठं उत्पन्न शिंदीचं. शिंदीच्या झाडाचा रस, त्यावर झाडागणिक कर, त्याचे मोठे मोठे गुत्तेदार. दुकानाला "गुत्ता" म्हणायची सवय मराठवाड्यात अजून आहे.

१९४७ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते रात्री जाऊन शिंदीची झाडं तोडत होते. शाळेत हे वाचलं तेव्हा कळलं नव्हतं की झाडांनी काय घोडं मारलं. आता कळतं. ते झाड म्हणजे निजामाची तिजोरी होती. राज्य पाडायचं तर त्याची दारू पाडा, एवढं साधं गणित. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये दारूबंदी कायदा इकडे आणि विदर्भाकडेही लागू केला गेला.

जालन्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. एमआयडीसीच्या बाजूचा बार गच्च. स्टीलच्या कारखान्यांतली पोरं, बरीचशी बिहार-यूपीची. बारा तासांची पाळी करून आलेली. एकजण क्वार्टर पाण्यासारखी दोन घोटांत संपवून उठला, पाच मिनिटांत बाहेर. मित्र बघत होता. म्हणाला, "हा गिऱ्हाईक मला ओळखीचा आहे. हा मजा करायला येत नाही. झोप लागावी म्हणून येतो."

तिसरा दिवस जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर गेला. सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, कारंजा. जिजाऊंच्या गावाला थांबून नमस्कार केला, पुढे निघालो. आता वऱ्हाड लागलं. हा मुलूख कागदावर निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला. इथली जुनी दारू मोहाची. तीन दिवसांत आम्ही तीन राज्यं ओलांडली होती आणि तिन्हीकडे आता एकाच कंपनीचे तेच ब्रँड, तेच फ्रीज, तेच कॅलेंडर.

या रस्त्यावर एक गोष्ट डोळ्यात भरली. बार ओस. मेहकरच्या पुढे एका हॉटेलात दुपारी आम्ही दोघंच होतो. मालक स्वतः येऊन बसला. "भाऊ, समृद्धी झाला अन् आमचा रस्ताच मेला," तो म्हणाला. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला मुंबईच्या टोकापर्यंत, ७०१ किलोमीटर, पूर्ण झाला. ट्रक तिकडे गेले, कार तिकडे गेल्या. त्याच्या आधी एक मार बसलाच होता. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको. चंदीगडचे हरमन सिद्धू अपघातानंतर व्हीलचेअरवर आले, त्यांनी हा लढा दिला होता. मग लहान गावांसाठी ५०० चे २२० मीटर झाले, मग नगरपालिका हद्दीला सूट, मग ग्रामपंचायतींचं ठरवायची मुभा राज्यांना. मधल्या काळात राज्यभर लोक टेप घेऊन रस्ते मोजत होते. कुणी दार मागच्या बाजूला काढलं. काही शहरांत महामार्गाचे तुकडे नगरपालिकेकडे वर्ग करायचे घाट घातले गेले, म्हणजे तो महामार्गच राहणार नाही. मित्राचा बार त्यावेळी जवळजवळ वर्षभर बंद होता. तो म्हणतो, "त्या वर्षी आई जेवढी शांत झोपली, तेवढी आधी नाही आणि नंतर नाही."

चौथ्या दिवशी यवतमाळ सोडून कळंबच्या रस्त्याने वर्धा नदीवर आलो.

ही नदी म्हणजे आपल्या राज्यातली मोठी गमतीची हद्द. अलीकडे यवतमाळ जिल्हा, दारू खुली. पलीकडे वर्धा जिल्हा, सेवाग्राम तिथे म्हणून सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती लोकांच्या चळवळीतून आलेली. चंद्रपुरात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली आणि मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. मधल्या सहा वर्षांत चंद्रपूरचं गिऱ्हाईक नदी ओलांडून वणीकडे जायचं. इकडे देवळीत चहा पिताना आमच्या गाडीचा नंबर बघून एक पोरगा हळूच विचारून गेला, "काही पाहिजे का भाऊ?" बंदी पाळली जात नाही, हे खरं. पण त्याच टपरीवरच्या बाईला मी विचारलं, ताई, मग बंदी उठवावी का? ती म्हणाली, "लपून पितो तो घाबरून घरी येते. उघड प्याला तर मारतच येईन." या एका वाक्यापुढे मी गप्प झालो.

परत येताना पुलावर गाडी बाजूला घेतली. मित्र म्हणाला, "तुला आमच्या गावचं मतदान आठवतं?"

आठवतं. त्यासाठीच मी आलो होतो.

२००८ सालच्या नियमाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. पुढच्याच वर्षी मित्राच्या गावातल्या बायकांनी सह्या गोळा केल्या. नियम सगळ्या दुकानांना लागू, म्हणजे देशीच्या दुकानाबरोबर त्याच्या वडिलांचं परमिट रूमही त्यात. मतदान झालं. आलेल्या दहा बायकांपैकी आठ जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं. आणि तरी बाटली उभीच राहिली.

कारण मोजायची पद्धत. झालेल्या मतांच्या निम्मी चालत नाहीत, यादीत जेवढ्या महिला मतदार आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा गावात १,००० महिला मतदार आहेत. मतदानाला आल्या ६००. आडवीला ४८०, उभीला १२०. बायका चौपटीने जिंकल्या? नाही, हरल्या. कारण ५०१ हव्या होत्या. जी आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते. लग्न होऊन सासरी गेलेली पोरगी, जिचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, ती उभ्या बाटलीची. मजुरीला गेलेली उभ्या बाटलीची. दोन वर्षांपूर्वी मेलेली म्हातारी, कदाचित दारुड्या पोराच्या काळजीने मेलेली, तीसुद्धा उभ्या बाटलीची.

या मापाने मोजलं तर आपले किती आमदार निवडून येतील? एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं घेतलेला आमदार शोधायला दिवा लावावा लागेल.

मी त्या दिवशी गावात होतो. बायका शाळेच्या पटांगणात निकालाला बसलेल्या. निकाल ऐकून आधी टाळ्या वाजवल्या, कारण आकडा त्यांचा मोठा होता. मग अधिकाऱ्याने नियम वाचला. एक आजी विचारत होती, "मग आम्ही जिंकलो ना?" कुणी उत्तर दिलं नाही.

मी बातमी दिली. चार ओळी. मथळा होता: दारूबंदीचा ठराव फेटाळला. फेटाळला नव्हता. बायकांनी भरभरून पाठिंबा दिला होता, नियमाने तो गिळला. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मित्राच्या वडिलांनी मला मुलासारखं जेवू घातलेलं होतं आणि दिवाळी अंकाला त्यांची पान भरून जाहिरात यायची. कुणी मला पैसे दिले नाहीत, कुणी धमकी दिली नाही. मी आपण होऊन चार ओळी लिहिल्या. सतरा वर्षं झाली. दारूवर मी त्यानंतर छाप्यांच्या, अपघातांच्या, विषारी दारूच्या शंभर बातम्या केल्या. ती एक बातमी करायची राहिली.

पुलावर हे सगळं मित्राला सांगितलं. तो बराच वेळ नदीकडे बघत होता. मग म्हणाला, "आईने त्या दिवशी आडव्या बाटलीला मत दिलं होतं. मला तिने मागच्या महिन्यात सांगितलं." काकूंनी नवऱ्याच्या धंद्याविरुद्ध मत दिलं होतं आणि सतरा वर्षं पोटात ठेवलं होतं.

मी दारूबंदीवाला नाही. बिअर घेतो, या चार दिवसांतही रोज रात्री एक घेतली. दीडशे वर्षांचा हा इतिहास बघितला तर वरून लादलेली बंदी टिकत नाही, हे दिसतं. आणि सरकारला दारू बंद व्हावी असं खरं कधी वाटलेलं नाही, हेही दिसतं. गेल्या जूनच्या शुल्कवाढीतून वर्षाला १४,००० कोटी जादा मिळतील अशी अपेक्षा सरकारनेच सांगितली. या सगळ्या पसाऱ्यात दारूचा त्रास ज्यांना होतो त्यांच्या हातात दिलेलं हत्यार एकच, ती आडवी बाटली. आणि तिचीच धार बोथट करून ठेवलेली.

म्हणून मागणी एवढीच. झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तर दुकान बंद. जसं सरपंचाला, तसं बाटलीला. मतदानाआधी यादीतून मेलेल्यांची आणि सासरी गेलेल्यांची नावं कमी करा. मतदान सुट्टीच्या दिवशी घ्या. आपापल्या आमदाराला एवढं विचारा, पक्ष कुठलाही असो.

आणि मित्राचं विचाराल तर ३१ मार्चला त्याने फी भरली. आठ पोरांचा प्रश्न सुटला नव्हता. पण काकूंना त्याने शब्द दिलाय की गावात पुन्हा सह्या निघाल्या, तर पहिली सही घ्यायला तो स्वतः त्यांना घेऊन जाईल. मोजणी झालेल्या मतांवर झाली आणि बार बंद पडला, तर पडू दे म्हणाला.

या वेळी बातमी चार ओळींची नसेल.